जुन्काराच्या बिशपला तीन हाका

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्यानं रोकामाराच्या कॅथेड्रलमध्ये यावं आणि डावीकडच्या सातव्या खुर्चीची बैठक बघावी. लाकूड ओलीनं कुजून काळं पडलंय. बाकीच्या सहा खुर्च्या कोरड्या. मग माझ्याशी वाद घालावा.

आणि रात्र-बित्र काही नव्हती. संत योहानाच्या सणाचा दुसरा दिवस. भर दुपार. ऊन असं, की कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती.

माझा मामा उर्सो तेव्हा आर्चबिशपच्या सभेत पुकारा करायचा. वर्षातून एकदा हाताखालचे सगळे बिशप जमत. मामा कॅथेड्रलच्या दारात उभा राहून एकेका गावाचं नाव घ्यायचा. त्या गावचा बिशप 'हजर' म्हणायचा आणि आपल्या खुर्चीत बसायचा.

खुर्च्या सात. बिशप सहा.

सातवी जुन्काराची. मामाचं गाव. दलदलीतल्या तापानं ते ओस पडलं, त्याला तीस वर्षं झाली होती. मामा तेव्हा आठ वर्षांचा. तिथल्या बिशपनं, जोर्दानोबाबानं, धडधाकट माणसांना होडीत बसवून पाठवून दिलं आणि स्वतः आजाऱ्यांजवळ थांबला. आजाऱ्यांत मामाची आई होती. पोरगं होडीतून उडी मारायला लागलं, तेव्हा बाबा म्हणाला, "रडू नकोस रे. आईजवळ मी आहे. तू हाक मार, मी येतो."

कुणीच आलं नाही. आईला तिथल्या चर्चच्या फरशीखाली पुरलं, एवढंच मागाहून कळलं.

तरी दरवर्षी सभेत जुन्काराचं नाव एकदा घेतलं जायचं. कुणी ओ द्यायचं नाही. लेखनिक 'गैरहजर' लिहायचा आणि काम पुढे सरकायचं.

त्या वर्षी आर्चबिशप लान्दोल्फोला नवा मनोरा बांधायचा होता. दगड कुठला? जुन्काराच्या पडक्या चर्चचा. पण गाव यादीत असेपर्यंत त्या दगडाला हात लावता येत नव्हता. नियम असा, की तीन हाका मारायच्या. तिसऱ्या हाकेलाही कुणी आलं नाही, की नाव कायमचं खोडायचं. मग फरशा उखडायला सगळे मोकळे.

फरशीखाली कोण आहे, ते मामाला ठाऊक होतं.

"हे मला नका करायला लावू," तो लेखनिक बिसान्झोला म्हणाला.

"मग काय मी ओरडू? माझा आवाज म्हणजे फाटका भाता," बिसान्झो हसला. "अरे, तीस वर्षांमागं मेलेल्याला तीन हाका. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"बापाचं नाही. आईचं जातंय."

बिसान्झोचं हसू मावळलं. मग तो हळूच म्हणाला, "मी सकाळीच नाव खरवडून टाकलंय, उर्सो. नुसता उपचार राहिलाय. उरकून टाक."

सहा नावं झाली. सहा जण बसले.

"जुन्काराचा बिशप!"

शांतता...

"जुन्काराचा बिशप!"

माश्यांची गुणगुणसुद्धा थांबली...

पुकारा गावाचा करायचा, माणसाचं नाव घ्यायचं नाही, हा साधा नियम. पण तिसऱ्या वेळी मामाच्या तोंडून लहानपणचीच हाक गेली.

"जोर्दानोबाबा, ये ना..."

काही नाही.

आर्चबिशपनं नाव खोडायची खूण करायला हात उचलला. आणि...

कडकड... कडकड...

दातावर दात आपटत होते. हुडहुडी भरलेल्या माणसाचे आपटतात ना, तसे.

आधी दाराबाहेर. मग मामाच्या अगदी शेजारून. त्या उन्हात गार झुळूक आली आणि ओल्या लव्हाळ्याचा वास. दिसत कुणीच नव्हतं. नुसती ओली पावलं फरशीवर उमटत गेली... सातव्या खुर्चीपर्यंत.

खुर्ची करकरली.

"ह... ह... हजर."

सगळ्यांनी ऐकलं. शेजारचा बिशप उठून भिंतीला चिकटला. आर्चबिशपचा हात तसाच वर राहिला. बिसान्झोनं खरवडलेल्या जागी पुन्हा नाव लिहिलं.

मामाची आई होती तिथं राहिली.

पण सभा संपली, की पुकारा करणाऱ्यानं प्रत्येकाला 'सुखरूप जा' म्हणून निरोप द्यायचा असतो. निरोपाशिवाय कुणी उठत नाही. मामानं सहा जणांना निरोप दिला. सातव्याला दिला नाही.

मुद्दाम. बाबा बसलाय तोवर नाव खोडता येत नाही, हे त्यानं ओळखलं होतं.

तेव्हापासून ती खुर्ची वाजायची. कडकड... कडकड... मामा रोज संध्याकाळी तिच्यावर घोंगडी घालायचा. सकाळी ती घामानं चिंब असायची. तो ती पिळायचा आणि वाळत टाकायचा.

"आपल्या आईसाठी दुसऱ्याचे हाल करताय तुम्ही," मारोत्तामामी म्हणायची.

"ठाऊक आहे मला," मामा म्हणायचा.

सात वर्षांपूर्वी मामा गेला. पुकारा माझ्याकडे आला. घोंगडीही आली.

खरं सांगतो, इतकी वर्षं पिळली मी ती. मग सोसवेना. मेलेल्या माणसाला किती दिवस तापात बसवून ठेवायचं? मामाची आई म्हणजे माझी आजीच, पण मी तिला कधी पाहिलं नाही. बाबाला मात्र रोज ऐकत होतो.

परवाच्या सभेत मी सातव्या खुर्चीकडे वळलो. म्हणालो, "जोर्दानोबाबा, सुखरूप जा."

कडकड थांबली.

घोंगडी उचलली, तर कोरडी ठणठणीत. मला तिथेच रडू आलं. बरं वाटलं हो.

आताच्या आर्चबिशपनं त्याच दुपारी माझ्याकडून तीन हाका मारून घेतल्या आणि नाव खोडायला लावलं. उद्या सकाळी बैलगाड्या जुन्काराला निघणार, मनोऱ्यासाठी फरशा आणायला. हे होणार ते मला माहीत होतं. तरी केलं.

काल दुपारी मी एकटा खुर्च्या पुसत होतो. दाराकडे पाठ होती...

"जुन्काराचा बिशप!"

मामाचा आवाज. तोच, शेवटाला जरासा चिरकणारा. वळून बघितलं, तर दारात नुसतं ऊन.

आज दुपारी दुसरी हाक आली. कालच्यापेक्षा जवळून.

आता एक राहिली. तिसऱ्या वेळी मामा गावाचा पुकारा करत नाही, माणसाचं नाव घेतो. बाबाचं घेईल की माझं, ते मला माहीत नाही; ज्याचं घेईल, त्याला त्या खुर्चीत बसावं लागणार.

मामाला माझं नाव ठाऊक आहेच, पण आणखी कुणाच्या तोंडी नको, म्हणून ह्या सगळ्यात ते मी तुम्हाला सांगितलेलं नाही.