दुर्गाआत्याची जागा

कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. ऋता माझी सख्खी चुलत बहीण. तिच्या तोंडून जे ऐकलं, तेच सांगतोय.

रविवार, १२ मार्च २०२३. लालबागमधली आमची जुनी चाळ, तिसरा मजला. दुपारचे अडीच.

हो, भरदुपारी.

चाळ रिडेव्हलपमेंटला गेलेली. महिन्याभरात खोली रिकामी करायची होती. आवराआवरीत फोटोंची पत्र्याची पेटी निघाली. फोटोंना बुरशी धरत होती. म्हणून ऋताने ऑफिसातून स्कॅनर आणला आणि एकेक फोटो लॅपटॉपवर घ्यायला बसली. तिचे वडील, म्हणजे माझे आनंदाकाका, कॉटवर पेपर वाचत पडले होते.

बऱ्याच फोटोंत एक माणूस कापून काढलेला होता. त्या जागी नुसतं भोक.

"पप्पा, हे कोण होतं?"

"वाळवी लागली असेल."

वाळवी काय सरळ रेषेत खाते?

ऋताला उत्तर माहीत होतं. तिला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. ते भोक म्हणजे आमची दुर्गाआत्या. आजोबांची गिरणी बंद पडल्यावर परळच्या एका हॉस्पिटलात आयाचं काम करून तिने दोन्ही भावांना शिकवलं. आनंदाकाकांना, आणि माझ्या बाबांना. पस्तिसाव्या वर्षी तिने जातीबाहेर लग्न केलं. भावांनी ब्लेड घेतलं आणि तिला फोटोंतूनसुद्धा काढून टाकलं.

ऋताने सगळ्यांचा एकत्र फोटो स्कॅनरवर ठेवला. उजेडाची पट्टी सरकत गेली.

स्क्रीनवर फोटो आला...

भोक नव्हतं.

खुर्चीवर एक बाई बसली होती. चापून बसवलेले केस, थकलेले डोळे. आणि तिच्या मागे, जिथे तरुण आनंदाकाका उभे होते...

तिथे भोक होतं.

ऋताने झाकण उघडून पाहिलं. हातातला फोटो होता तसाच. काका आहेत, आत्या नाही. तिने पुन्हा स्कॅन केला.

पुन्हा तेच.

मग तिच्या लक्षात आलं. शेजारचा टीव्ही, गॅलरीतलं पोरांचं क्रिकेट, खालचा भाजीवाला... कसलाच आवाज येत नव्हता.

आणि दारावर थाप पडली.

अगदी खाली, उंबऱ्याजवळ. जमिनीवर बसून कुणी तळहाताने थापटावं तशी...

काकांच्या हातातला पेपर गळून पडला.

"उघडू नको!"

"कोण आहे, पप्पा?"

"कोन नाय." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तेव्हापण अशीच बसलेली."

"कधी?"

नव्व्याण्णव साली. नवरा गेलेला, अंगात ताप. आत्या कसाबसा जिना चढून आली आणि दारातच बसली. आनंदा, पाणी दे रे, म्हणत होती. काकांनी आतून कडी लावली. रेडिओ मोठा केला. माझे बाबाही आतच होते. तिसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात वारली. बॉडी ताब्यात घ्यायला दोघांपैकी कुणी गेलं नाही.

पुन्हा थाप पडली. आता अगदीच हळू...

ऋताने पाण्याचा तांब्या उचलला आणि दार उघडलं.

कुणी नव्हतं.

"आत्या, पाणी..." म्हणत तिने तांब्या उंबऱ्यावर ठेवला. टीव्हीचा आवाज परत सुरू झाला. पोरं ओरडायला लागली. संध्याकाळपर्यंत तांब्यातलं पाणी घोटभरसुद्धा कमी झालं नाही.

चोवीस वर्षं उशीर झाला होता.

आनंदाकाका आजही ठणठणीत आहेत. दोन वेळा पोटभर जेवतात. ऋता त्यांच्याशी कामापुरतं बोलते.

तो स्कॅन तिने मला पाठवला नाही. मीही मागितला नाही.

गेल्या मंगळवारी तिचा फोन आला.

"विनीत, तो फोटो आज परत उघडला. आता त्यात दोन भोकं आहेत."

दुसरं कुणाचं, ते मी विचारलं नाही.

बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. रोज रात्री आम्ही समोरासमोर बसून जेवतो. त्यांच्या तोंडाकडे बघणं मात्र मला जमत नाही.