नजर कॅमेऱ्याकडे

सरांनी गृहपाठ पुन्हा परत पाठवला, तेव्हा ती चष्म्याच्या दुकानात एका आजोबांच्या नाकावर नवी फ्रेम बसवत होती. फोन खिशात थरथरला. तिने आजोबांना "माझ्या नाकाकडे बघा" असं सांगून त्यांच्या बुबुळांमधलं अंतर मोजलं, त्यांना बाहेर बसवलं आणि मगच निरोप उघडला. 'ताई, नजर कॅमेऱ्याकडे नाही. पुन्हा करा.'

"पुन्हा करा म्हणे! यांचं काय जातंय सांगायला," ती भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याला म्हणाली.

हा फोटोग्राफीचा वर्ग फोनवरच चालायचा. दर रविवारी सर एक विषय द्यायचे. आठवडाभराच्या धबडग्यातून वेळ काढून, घरातल्या घरात त्यावर एक फोटो काढायचा आणि जसा आहे तसा पाठवायचा. कापाकापी नाही, रंगरंगोटी नाही. आणि एक विषय जमल्याशिवाय पुढचा मिळणार नाही, हा सरांचा खाक्या. 'सकाळचा उजेड' तिला पहिल्या झटक्यात जमला. 'कामातले हात' या विषयासाठी तिने सासूबाईंचे मटार सोलणारे हात टिपले, तेव्हा सरांनी चक्क शाबासकी दिली. गाडी अडली ती 'घरची माणसं' पाशी. घरातल्या सगळ्यांनी सोफ्यावर बसायचं आणि कॅमेऱ्याकडे बघायचं, एवढंच. वर्गातली बाकीची मंडळी 'सावली' आणि 'गर्दी' उरकून कुठच्या कुठे पोचली होती, आणि ती आपली बसली होती त्याच इयत्तेत, नापास मुलासारखी.

नवरा, मुलगी आणि सासूबाई या तिघांना एका वेळी सोफ्यावर बसवणं म्हणजे काय असतं, ते सरांना कुठून कळणार? नवऱ्याला नेमकी तेव्हाच आंघोळ आठवायची. मुलीचे केस कधीच मनासारखे नसायचे. सासूबाई म्हणायच्या, "एकदा काढलास की गं, किती वेळा तेच ते!" या सगळ्या नाकदुऱ्या काढून झाल्यावर ती खिडकीकडे पाठ करून उभी राहायची आणि ओरडायची, "इकडे बघा!"

"बघतोय की," नवरा म्हणायचा.

"कॅमेऱ्याकडे."

"अगं बाई, तुझ्याकडेच बघतोय."

आणि कॅमेऱ्यातून बघताना तिलाही ते खरं वाटायचं. फोटोत मात्र तिघांचे डोळे जरासे बाजूला गेलेले असायचे.

त्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तिने परत आलेला फोटो दुकानातल्या मोठ्या पडद्यावर उघडला. नजर कुठे लागलीय हे ओळखणं हे तर तिचं रोजचं काम. बुबुळावर पडलेली उजेडाची टिकली बघितली, की माणूस कुठे बघतोय ते तिला बिनचूक सांगता यायचं. मुलगी कंटाळून भलतीकडे बघत असेल, नवऱ्याचं लक्ष टीव्हीकडे असेल, असा तिचा अंदाज होता. पण तसं नव्हतं. तिघंही एकाच जागी बघत होते. तिच्या डाव्या खांद्याच्या पलीकडे, तिच्यापेक्षा थोडं उंच.

तिथे काहीच नव्हतं. खिडकी आणि तिच्यामध्ये नुसती मोकळी फरशी होती.

घरी गेल्यावर तिने मुलीला खुर्चीत बसवलं आणि छोट्या बॅटरीने तिचे डोळे तपासले. दोन्ही सरळ, नजर स्थिर. मग नवऱ्याचे तपासले. तो म्हणाला, "आता आमच्यात खोट काढायला सुरुवात का?" त्याचेही सरळ होते. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिनेच पाठीस लागून करवून घेतलं होतं, त्यांचा प्रश्नच नव्हता.

"मग फोटोत काय होतं तुम्हाला?" ती वैतागून म्हणाली.

"मघाशी तर म्हणालीस, छान आलाय," सासूबाई म्हणाल्या.

"मी? कधी?"

"आत्ताच की. खिडकीपाशी उभी राहून."

ती आत्ताच कामावरून आली होती. पायातल्या चपला काढून सरळ मुलीला घेऊन बसली होती. पण वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. सासूबाईंचं वय झालंय, असं म्हणून तिने तो विषय सोडून दिला.

मग हे रोजचंच झालं. नवरा जेवताना मध्येच हसायचा. कशाला हसलात म्हटलं, तर "तूच नाही का आत्ता ती दुकानातली गंमत सांगितलीस?" म्हणायचा. मुलगी वही सहीसाठी पुढे करायची ती तिच्या हातात नाही, हातभर बाजूला. "अगं, इकडे!" म्हटल्यावर दचकून वळायची. एकदा सासूबाईंनी चहाचा कप तिच्या डाव्या बाजूला धरला आणि सोडून दिला. तिने झडप घालून तो वरच्या वर पकडला. हाताला चटका बसला. सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "घेतलास ना नीट?"

त्या दिवशी ती बाथरूममध्ये जाऊन रडली. रागाचंच रडू होतं ते. इतकी वर्षं या घरात घसा फोडून बोलावं तेव्हा एक शब्द ऐकू जायचा, आणि आता न बोललेलंही सगळ्यांना ऐकू येत होतं. फोटोचा नाद तिने लावून घेतला होता तो दुसऱ्या कशासाठी नव्हेच. दिवसातला एक क्षण तरी या तिघांनी आपल्याकडे बघावं, एवढंच तिला हवं होतं.

पुढच्या वेळी तिने भिंगाच्या वर लाल टिकली चिकटवली. "या टिकलीकडे बघायचं. दुसरीकडे नाही." तिघांनी माना डोलावल्या. फोटो निघाला. नजर पुन्हा डावीकडेच, पण आता अगदी जवळ. खांद्याला लागून.

दुकानातल्या पडद्यावर तिने फोटोतला सासूबाईंचा डोळा मोठा करून बघितला. ऑपरेशननंतर त्यांचा डोळा काचेसारखा लख्ख झाला होता. बुबुळात खिडकीचा पांढरा चौकोन दिसत होता आणि त्यापुढे तिची स्वतःची काळी आकृती, कोपर वर केलेली. डाव्या बाजूला, खांद्याला खांदा लावून, आणखी एक आकृती होती, तिच्यापेक्षा जरा उंच. त्या आकृतीचे हात खाली सोडलेले होते.

तिने मुलीचा डोळा बघितला. मग नवऱ्याचा. तिथेही दोघी होत्या.

भिंगाचा दोष, काचेतलं दुहेरी प्रतिबिंब, डोळ्यावरचा ओलावा. दुकानात असताना तिने स्वतःला सगळी कारणं देऊन बघितली. एकही टिकलं नाही. मग घरी तिने हट्टानेच खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि दिवा लावून नवा फोटो काढला.

या वेळी संध्याकाळीच सरांचा निरोप आला. 'वा, ताई! नजर अगदी जुळली. फोटो काढणारीवर घरच्यांचा किती जीव आहे, ते दिसतंय.'

तिला इतका आनंद झाला की तिने निरोप पुन्हा पुन्हा वाचला. मग फोटो मोठा केला. तिघंही थेट कॅमेऱ्यात बघत होते. बुबुळात दिव्याचा उजेड होता. मधोमध एक उंच आकृती होती, कोपर वर केलेली. तिच्या उजवीकडे एक बुटकी होती. तिचे हात खाली सोडलेले होते.

पण फोटो काढताना कॅमेरा तर तिच्या स्वतःच्या हातात होता. बोटांना त्याचं वजन अजून आठवत होतं.

खालीच सरांनी 'सावली'च्या आधीचा एक जादा गृहपाठ लिहिला होता. 'आता तुम्हीही चौकटीत या.'

तेच बरं, असं तिला वाटलं. आपणच सोफ्यावर बसलो, की कॅमेऱ्यामागे उभं राहायला कुणी उरणार नाही. मग बघूच काय ते.

रविवारी सकाळी तिने कॅमेरा तिपाईवर लावला. खिडकी उघडी ठेवली. या वेळी कुणालाच हाका माराव्या लागल्या नाहीत. तिघं आपणहून येऊन बसले होते. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

तिने बटण दाबलं आणि पटकन येऊन मुलीशेजारी बसली.

"सगळ्यांनी तिकडे बघा," ती म्हणाली.

ते आधीच बघत होते.

नवऱ्याच्या तोंडावर लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं हसू होतं. सासूबाईंच्या कपाळावर एकही आठी नव्हती.

लाल दिवा लुकलुकला. खट्ट झालं.

"झाला का?" नवऱ्याने तिपाईकडे बघत विचारलं. थोडं थांबला. मग समाधानाने मान हलवली.

"आता तू पण ये ना," तो म्हणाला. "सारखी काय मागेच उभी राहतेस!"

"अहो, मी इथेच बसलेय."

कुणी वळलं नाही. तिने मुलीचा दंड धरला, जरा जोरातच.

मुलगी वळली. तिने आईच्या डोळ्यांत बघितलं. नजर सरळ होती, केसभरही ढळलेली नव्हती. बाहेरच्या माणसाकडे बघावं, तशी सभ्य होती.

"काकू, जरा सरकता का?" मुलगी म्हणाली. "आईला बसायचंय."

ती सरकली. दोघींच्या मधल्या जागेतली गादी हळूहळू खाली दबत गेली.