खंड्याचा उजवा पाय

शंतनू मला भेटला तो सामरवरणीच्या रस्त्यावर. आमच्या कुत्र्याला, खंड्याला, टेम्पोने उडवलं होतं. त्याला ओढणीत गुंडाळून मी रडत बसले होते, तेवढ्यात एक स्कूटर थांबली.

"रडणं नंतर. आधी त्याचं डोकं धरा," तो म्हणाला. "मी गुरांचा डॉक्टर आहे, पण आज कुत्र्याचा होतो."

१९८९ साल होतं ते. खंड्याच्या मागच्या उजव्या पायाचा खुबा निखळला होता. बसवला तरी पुन्हा निसटायचा. शेवटी मांडीच्या हाडाचा वरचा गोळाच कापून काढायचं ठरलं. मग पाय टिकेल कशावर, असं मी घाबरत विचारलं.

"हाडाला हाड लागणार नाही. आजूबाजूचे स्नायूच हळूहळू सांभाळून घेतात," तो म्हणाला. "फक्त... चालवत राहायला हवं."

टाके सुकल्यावर दर रविवारी आम्ही राखोलीला जायचो, दमणगंगेच्या उथळ पाण्यात खंड्याला चालवायला. स्कूटरवर पुढे शंतनू, मागे मी. बाबांची हरकत नव्हती. मध्ये कुत्रा होता ना!

खंड्या लंगडला की शंतनू त्याला कुरवाळून बिस्किट द्यायचा. शंतनूला पुण्याच्या दवाखान्यात नोकरी मिळाली होती. खंड्याने पाय नीट टेकला की येतो, असं त्याने तिकडे कळवलं होतं. पाय बरा व्हावा असं वाटे... आणि इतक्यात नको, असंही.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी नदीवर धुकं होतं. शंतनूने खिशात हात घातला आणि खंड्या लंगडत निघाला — डावा पाय उचलून.

मी पाण्याकडे बघत म्हटलं, "आज जास्तच दुखतंय वाटतं त्याला."

"हो ना," तो गंभीरपणे म्हणाला. "पण ऑपरेशन मी उजव्या पायाचं केलं होतं."

माझ्या पायांवरून गार पाणी वाहत राहिलं.

"म्हणजे... आता जाणार तुम्ही?"

"वासंती," त्याने पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली, "पाय दिवाळीतच बरा झालाय."

"मग इतके रविवार?"

"तुम्हाला विचारायचं होतं. पुण्याला याल का... माझ्याबरोबर?"

"बाबांना विचारा," मी म्हणाले. मग हळूच म्हटलं, "मी हो म्हटलंय, असं सांगा."

परत निघताना खंड्या स्कूटरवर चढेचना. पुलापर्यंत तो आमच्या शेजारून धावत आला, चारही पाय टेकवत. शंतनूने स्कूटर अगदी हळू चालवली होती.

मध्ये कुणी नव्हतं.