जोडसायकलची मागची सीट

नको म्हणून तीनदा सांगितलं. पण तुम्हाला सुट्टी लागली की माझं डोकं खायला तुम्हाला दुसरं कुणी सापडत नाही. उद्या सकाळी सायकली काढून तळ्याला जायचंय, आणि आज रात्री म्हाताऱ्याकडून भुताची गोष्ट हवी. म्हणजे सहलीची मजा वाढते. वाढते तर वाढते. ऐका. पण मधे खीखी केलीत तर मी उठून झोपायला जाईन. आणि तू, त्या भिंतीवरच्या फोटोकडं सारखा बघू नकोस. त्याची पाळी आली की सांगेन.

ही गोष्ट माझी नव्हे. टेलरमास्तरची आहे. बाजाराच्या कोपऱ्यावर दुकान आहे ते. मास्तर खोटं बोलत नाही. शर्ट परवा देतो म्हणाला तर परवाच देतो, आता यावरून समजा.

मास्तरला दारू नाही, पत्ते नाहीत, पिक्चर नाही. एकच छंद. जोडसायकल. एका दांड्यावर दोन सीटा, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या. सायकल होती औषधवाल्याची, औषधाचं दुकान आहे ना चौकात, त्याची. पुढं औषधवाला बसायचा, मागं मास्तर. वर्षातून एकदा, दोघं दुकानं बंद ठेवून चार दिवस तळ्याकाठच्या विश्रामगृहात जायचे. पोहायचं, झोपायचं, झाडाखाली पाय पसरून पडायचं. बस्स. मोठमोठे लोक विमानानं फिरतात आणि परत येऊन बिलाचं रडगाणं गातात. मास्तर चार दिवसांवर वर्ष काढायचा.

तो म्हणायचा, "वर्षभर मशिनीवर पाय हलतात आणि मी जागच्या जागी. इथं पाय हलले की मुलूख हलतो."

मागच्या सीटला पुढचं काही दिसत नाही. पुढच्याची पाठ दिसते. ब्रेक दोन्ही पुढच्याच्याच हातात. म्हणून या लोकांची रीत ठरलेली. पुढच्यानं ओरडायचं, "खड्डा!" मागच्यानं म्हणायचं, "हां." पुढचा "डावं!", मागचा "हां." "उतार!", "हां." हां आला नाही तर पुढच्यानं वळायचं नाही. आणि पायडलं साखळीनं एकमेकांना बांधलेली. एकाची फिरली की दुसऱ्याची फिरणारच. पुढचा दमला की मागच्याला पायात कळतं. मागच्यानं जोर काढून घेतला की पुढच्याला कळतं. लबाडी चालत नाही.

अठरा वर्षं मास्तर मागं बसला. अठरा वर्षं औषधवाल्याच्या शर्टाची शिवण बघितली. एकदा तर म्हणाला, "अरे तुझ्या खांद्यापाशी टाका उसवलाय, तीन वर्षं बघतोय, दे की शिवून देतो." इतका विश्वास. डोळे मिटून पायडल मारायचा.

जायचे मात्र कालव्याच्या रस्त्यानं. आठ किलोमीटर जास्त. डोंगरावरून उताराचा रस्ता सरळ तळ्यावर उतरतो, पण औषधवाला म्हणायचा, कालव्याकडून हवा चांगली. मास्तरनं कधी विचारलं नाही. पुढचा नेईल तिकडं मागचा जातो.

गेल्या वर्षी औषधवाल्यानं त्याला दुकानात बोलावलं. स्टुलावर पाय लांब करून बसला होता, गुडघ्याला पट्टा.

"मास्तर, संपलं आपलं. डॉक्टरनं सायकल बंद सांगितली."

मास्तरचा चेहरा पडला. "किती दिवस?"

"कायमची. जोडसायकल मी विश्रामगृहाच्या वॉचमनला देऊन टाकलीय. येणाऱ्या-जाणाऱ्यांना होईल. एवढं एक काम कर, तू पोचती कर. मंगळवारी, अकरा तारखेला."

"तूही चल की बसनं. चार दिवस राहू. सायकल नसली म्हणून काय झालं?"

"दुकान कोण बघेल?" औषधवाला म्हणाला. मग औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचत म्हणाला, "डोंगराच्या रस्त्यानं जा. एकटा आहेस, जवळ पडेल. आणि दिवसा टेम्पोंची गर्दी असते. रात्री निघ, जेवून."

मास्तरला वाईट वाटलं. पण दोस्ताचं शेवटचं काम. त्यानं मागच्या सीटला नवं कव्हर शिवलं, रेक्झिनचं, दुहेरी टाक्याचं. सायकल परक्याकडं जायची, फाटकी नको जायला.

नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी मास्तर निघाला. चंद्र नव्हता. पुढं बॅटरीचा दिवा. आणि आयुष्यात पहिल्यांदा मास्तर पुढच्या सीटवर.

पहिल्याच किलोमीटरला धाडकन खड्ड्यात गेला. खड्डा दिव्यात चांगला दिसत होता, बरं का. पण मास्तर ऐकायची वाट बघत बसला. कुणीतरी "खड्डा!" म्हणेल, मग आपण सीटवरून उठायचं. अठरा वर्षांची सवय. मग स्वतःशीच हसला. "गाढवा, ओरडायचं आता तुला आहे."

मग गंमत म्हणून ओरडायलाच लागला. रस्त्यावर चिटपाखरू नाही, लाजायचं कुणाला?

"खड्डा!"

"डावं!"

"खड्डा!"

चढ सुरू झाला. मोकळी मागची सीट घेऊन ती लांबलचक सायकल ओढायची म्हणजे घाम. मास्तर अर्ध्यावर उतरणारच होता. तेवढ्यात पायडलं हलकी झाली. त्याला वाटलं, सपाट आलं असेल. दिवा वर केला. चढच होता.

पाय आपोआप फिरत होते. जोर मागून येत होता.

मास्तर अठरा वर्षं मागं बसलेला माणूस. मागून जोर देणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? तो जोर मशिनीचा नव्हता. माणसाचा होता. डावा पाय जरा जड टाकणाऱ्या माणसाचा.

त्यानं मागं बघितलं नाही. समोर खड्डा आला. तोंडातून सवयीनं निघालं...

"खड्डा."

"हां."

मागून. अगदी पाठीशी.

पोरांनो, मास्तरनं मला हे सांगितलं तेव्हा भरदुपार होती. आणि तरी तो सांगताना खुर्ची भिंतीला टेकवून बसला होता. पाठीमागं मोकळी जागा नको म्हणून.

तो पायडल मारत राहिला. थांबायची हिंमत नव्हती. थांबला तर मागचं माणूस उतरेल. उतरून पुढं येईल. त्याचं तोंड दिसेल...

डोंगराची मान आली. तिथून रस्ता खाली. पाच वळणं. उजव्या हाताला दरी.

"उतार," मास्तर म्हणाला.

हां आला नाही.

सायकल उताराला लागली.

मग मागून आवाज आला. हळू. ओळखीच्या माणसाला विचारावं तसा.

"गोळ्या... या वेळी उतरणार नाहीस ना?"

आणि पायडलं सुटली. गरगरा. मागून कुणीतरी जीव खाऊन मारत होतं. मास्तरनं दोन्ही ब्रेक दाबले. चाकं चिरकली. वेग कमी होईना. दिव्यात पहिलं वळण धावत आलं. मास्तरचा डावा पाय पायडलवरून सुटला. डोंगराच्या बाजूला गवत होतं. उडी मारली असती तर खरचटलं असतं. एवढंच. जीव वाचला असता.

पाय जमिनीकडं गेला.

आणि त्याला एकच गोष्ट सुचली. मागच्याला पुढचं दिसत नाही.

भूत असो, कुणी असो. मागं बसलंय. त्याला दिसत नाही.

त्यानं पाय परत पायडलवर ठेवला.

"डावं!" मास्तर ओरडला. छाती फाटेस्तोवर.

काही नाही. वारा.

"डावं! अरे हां म्हण! डावं!"

"...हां."

सायकल एकदम झुकली. दोघं झुकल्यासारखी. वळण गेलं.

"उजवं!"

"हां."

"उजवं! खड्डा!"

"हां."

चौथं वळण. पाचवं. पायडलं सावकाश झाली. ब्रेक लागायला लागले. खाली तळ्याचं पाणी दिसलं, काळं. रस्ता सपाट झाला. सायकल थांबली.

मास्तर पाय टेकून उभा. डोळे घट्ट मिटलेले.

"मी तो नाही," तो म्हणाला. "मी टेलर."



मग सीटची स्प्रिंग वाजली. माणूस उतरल्यावर वाजते तशी. एकदाच.

उरलेला रस्ता मास्तर सायकल हातात धरून चालत गेला. विश्रामगृहाच्या वॉचमननं दिवा घेऊन दार उघडलं. सायकल वरून खालून बघितली, नव्या कव्हरवरून हात फिरवला.

"कव्हर झकास शिवलंय हो. आणि हे काय? हा चिमटा तुमचा का?"

मागच्या हँडलला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावलेला होता. मास्तरनं तो काढून खिशात टाकला. रात्रभर दिवा विझवू दिला नाही.

सकाळच्या बसनं तो सरळ औषधाच्या दुकानात गेला. औषधवाला शिडीवर होता. सगळ्यात वरच्या फळीवरनं बाटल्या काढत होता, खारीसारखा. गुडघ्याला पट्टा नव्हता.

"गुडघा बरा झाला वाटतं?" मास्तर म्हणाला.

औषधवाल्यानं वळून बघितलं. आणि पहिला प्रश्न काय विचारावा त्या माणसानं? पोचलास का नाही. लागलं का नाही. यानं विचारलं...

"तू उतरला नाहीस?"

मास्तर शिडीपाशी गेला.

"म्हणजे... होता ना तो? मागं?" औषधवाला शिडीच्या पायरीवरच बसला. "वायरिंगवाल्याचा धाकटा?"

"तुला ठाऊक होतं."

"अरे, तू भला माणूस. तुझं काय वाकडं करणार होता तो? मला सोडलं नसतं. एकवीस वर्षं मी त्या उतारावर गेलेलो नाही. कुणीतरी त्याला एकदा खाली नेऊन सोडायला हवं होतं, मास्तर. मग सायकलपण तिकडंच राहिली, तोपण तिकडंच."

"आणि मी दरीत गेलो असतो म्हणजे?"

"मला वाटलं, तू उडी मारशील. कुणीही मारेल. ब्रेक तुटल्यावर मी..." आणि तिथंच थांबला.

मास्तर म्हणाला, "अठरा वर्षं मी तुझ्या पाठीकडं बघत आलो. मला म्हणाला होतास, मागं पूर्वी बायको बसायची."

दुकानात गिऱ्हाईक आलं. औषधवाला लगेच उठला आणि खोकल्याचं औषध द्यायला लागला.

तिथून मास्तर माझ्याकडं आला. कारण वायरिंगवाला म्हणजे मी. आता बघा त्या फोटोकडं. हसतोय तो माझा धाकटा भाऊ, तुमचा धाकटा आजोबा. डावा पाय जरा जड टाकायचा. पँट साखळीत अडकू नये म्हणून दोन्ही पायांना कपड्यांचे चिमटे लावायचा. लोक हसायचे. तो म्हणायचा, हसा, तुमच्या पँटी फाटतील. एकवीस वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या अकरा तारखेला, तो त्या दरीत सापडला. जोडसायकल वर झाडाला अडकलेली. औषधवाला आमच्या दारात येऊन रडला होता. म्हणाला, मी तापानं घरी पडलो होतो, एकटाच घेऊन गेला वेडा. मी त्याला पाणी पाजलं. माझ्या हातानं. रड, पण जेवून जा म्हटलं. सायकल सरळ करून घ्यायला माझाच वेल्डर दिला. धाकट्याची आठवण राहू दे म्हटलं. आणि एकवीस वर्षं मी माझ्या मेलेल्या भावाला वेडा म्हणत आलो. एकटा कशाला गेलास म्हणून रागावत आलो.

आम्ही आणला तेव्हा त्याच्या डाव्या पायाला चिमटा होता. उजव्या पायाचा नव्हता. दोन दिवस मी ती दरी हुडकली. सापडला नाही.

मास्तरनं खिशातनं काढून तो माझ्या टेबलावर ठेवला. स्प्रिंग तुटलेली, तांब्याच्या वायरनं बांधलेली. मोटारीची वायर. तीन पीळ उजवे, एक उलटा. असा पीळ मी मारतो, दुसरं कुणी नाही. तो गेला त्याच्या आदल्या दिवशी मीच बांधून दिला होता त्याला.

तांबं उघड्यावर राहिलं की वर्षात काळं पडतं. दोन वर्षांत हिरवं. चाळीस वर्षं वायर हाताळतोय, मला शिकवू नका. ही वायर लालभडक होती. आत्ता पिळून ठेवल्यासारखी. आणि लाकडाला हाताची ऊब होती.

तो त्या ड्रॉवरमध्ये आहे. उघडू नका. आणि उद्या कालव्याच्या रस्त्यानं जा.

ती चौकातली पाटी रोज माझ्यासमोर येते. मी तिथून गोळी घेत नाही. मेलो तरी घेणार नाही. मास्तरशी तो बोलतो, हात जोडतो, चहा पाजतो. पण माझ्या दाराची पायरी त्यानं अजून चढलेली नाही. एक शब्द हवाय मला त्याच्याकडून. एकच. धाकट्यासाठी. त्याला सगळे साहेब म्हणतात. आमचा धाकटा एकटाच त्याला वेगळ्या नावानं हाक मारायचा, आणि आता मीही त्याच नावानं मारतो. गोळ्या.