वाकड्या दांडीचं कोडं

दांडी वाकडी होती तोवर आईच्या मनगटाची काही तक्रार नव्हती. दांडी सरळ झाली आणि मनगट ठणकायला लागलं. खरं तर उलटं व्हायला हवं होतं, नाही का? शाल्मली कालपासून याच कोड्यात अडकली होती.

साताऱ्याजवळच्या पवनचक्क्यांच्या पठारावर तिची आई दुरुस्तीचं काम करायची. उंच खांबावर चढून पात्यांची डागडुजी करायची, तेही गाणं गुणगुणत. गेल्या वर्षी घसरून तिचं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण दंडातलं बळ गेलं. दिवाळीआधी दोर ओढण्याची चाचणी होती. ती जमली नाही, तर आईला कायमचं खाली कंट्रोल रूममध्ये बसावं लागणार होतं, आणि आई खुर्चीत बसणाऱ्यांतली मुळीच नव्हती.

डॉक्टरांनी घरीच हलका व्यायाम सांगितला, म्हणून शेजारच्या तांबेकाकांनी आपली जुनी कर्ल बार (दोन्ही हातांनी धरून खांद्याकडे उचलायची वजनाची दांडी) देऊन टाकली. ती होती नागमोडी. आईने काही दिवस ती सहज उचलली. मग पवनचक्क्यांच्या वर्कशॉपमधल्या सरळ्या नावाच्या रोबोच्या नजरेस ती पडली आणि संपलंच! वादळात वाकलेले गज सरळ करणं हेच त्याचं काम. त्याने इमानेइतबारे ती सरळसोट करून आणली. घरात कुणालाच वावगं वाटलं नाही, उलट आईने त्याची पाठ थोपटली. या पठारावर वाकडं म्हणजे मोडकं, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

शाल्मली कोडं घेऊन आजोबांकडे गेली. आबांची सगळी हयात हाडं आणि सांधे यांच्या संशोधनात गेलेली. दांडी पाहून ते आधी पोटभर हसले. मग त्यांनी शाल्मलीला हात कोपरात वाकवून तळवा आभाळाकडे, मग जमिनीकडे करायला सांगितला आणि दुसऱ्या हाताने मधला भाग चाचपायला लावला. आत काहीतरी सरकत होतं.

कोपरापासून मनगटापर्यंत एक नाही, दोन हाडं असतात, आबा सांगू लागले. तळवा वर असताना ती शेजारी शेजारी असतात. तळवा खाली वळवला की एक दुसऱ्यावरून तिरपं जातं. तळवा पुरता वर, ही त्या वळण्याची शेवटची हद्द. सरळ दांडी दोन्ही हातांना त्या हद्दीवरच डांबून ठेवते. धडधाकट मनगटाला ते चालून जातं, पण आईच्या नुकत्याच सावरलेल्या मनगटाला कसं झेपणार?

"मग दांडी किती वाकडी हवी, आबा?"

"ते आपण नाही ठरवायचं. हातालाच विचारू."

आबांनी मऊ तांब्याची एक बारीक, सरळ नळी मागवली. आईने डोळे मिटून ती धरली आणि सावकाश खांद्याकडे उचलली. नळी आपोआप दोन जागी वाकली, अगदी तांबेकाकांच्या मूळच्या वाकड्या दांडीसारखी! शाल्मली बघतच राहिली. केवढा हुशार हा हात, आणि ज्याने पहिल्यांदा त्याचं ऐकून लोखंड वाकवलं तो माणूस तरी केवढा!

हे कळल्यावर सरळ्या हिरमुसला. दांडी परत वाकवून देतो म्हणाला, पण आबांनी अडवलं. उलटसुलट वाकवलेल्या पोलादाला धातुथकवा (आतल्या आत येणारी कमजोरी) येतो, त्याचा भरवसा धरता येत नाही.

शाल्मली नळी घेऊन आबांबरोबर साताऱ्याच्या दुकानात गेली. तिचा डोळा केव्हापासून एका चकचकीत, बोलणाऱ्या, दिवे लुकलुकणाऱ्या बारवर होता. तिने नळी त्यावर ठेवली. वाक नावालाच होता आणि मूठ गुळगुळीत, घाम आला की निसटणारी. कोपऱ्यात एक साधी, बिनरंगाची, बरीच स्वस्त दांडी होती. तिचा वाक नळीशी तंतोतंत जुळला. मूठ खरखरीत होती आणि वजनं अडकवायची टोकं अलगद फिरत होती. वजनं अशी मोकळी फिरली की मनगटाला पीळ बसत नाही, एवढं आता शाल्मलीला कळत होतं. दिव्यांकडे एकदा वळून पाहत तिने साधी दांडी उचलली. आबांच्या चेहऱ्यावरचं कौतुक लपत नव्हतं.

आईने रोज नव्या दांडीवर सराव केला. चाचणीच्या दिवशी वारा भन्नाट होता. आई खांबावर उभी राहून अवजारांची जड पिशवी दोराने वर ओढत होती. मध्येच दोर थांबला आणि शाल्मली मान उंचावून बघू लागली. तो पुन्हा हलला. पिशवी वर पोहोचली.

खालून हातातल्या रेडिओवर शाल्मलीने घाईघाईने विचारलं, "आई, मनगट?"

वरून गुणगुणणं ऐकू आलं आणि मग आईचा आवाज. "कुठलं मनगट? अगं, इथून समुद्राकडचे डोंगर दिसतायत. मोठी झालीस की तुलाही आणते वर."