आपोआप सुरू झालेलं मशीन

"संध्याकाळपर्यंत गाणी मिळाली नाहीत, तर मी पोलिसांत जाणार," रमेश राऊत म्हणाले. "आणि नाव हिचंच सांगणार!"

कोपऱ्यात उभ्या असलेल्या नेत्राचा चेहरा पांढराफटक पडला. वटार गावातल्या रमेशरावांच्या छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओत ती कामाला होती.

गुप्तहेर ऋतिका चुरी मात्र रमेशरावांच्या पत्नीकडे, आशालताबाईंकडे पाहत होती. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज कायमचा गेला होता. त्याआधी गायलेली लग्नाची गाणी स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर होती, ती नाहीशी झाली होती. आणि या शहाण्या गृहस्थांनी दुसरी प्रत ठेवलीच नव्हती.

"पासवर्ड फक्त मला आणि नेत्राला ठाऊक," रमेशराव म्हणाले. "शुक्रवारी गाणी होती, सोमवारी गायब. रविवारी स्टुडिओ बंद, चावी हिच्याकडे. तरी शेजारच्या जीनाने मशीन चालू पाहिलं. मशीन चालू ठेवून जायची हिला खोडच आहे!"

"मी बंद करूनच जाते हो, काका," नेत्रा रडवेली होऊन म्हणाली. "रविवारी तर मी आलेच नव्हते."

जीनाला बोलावलं. "मी वाडीत पाणी सोडत होते," ती म्हणाली. "दुपारभर लाइट नव्हती. आली तेव्हा खिडकीतून बघितलं, तर आत स्क्रीन चालू. माणूस काय दिसला नाय."

"चावी हिची, पासवर्ड हिचा. सरळ आहे, ताई," ऋतिकाचा मदतनीस जॅक्सन कुजबुजला. जॅक्सनचा निष्कर्ष नेहमी चहाच्या आधी येतो.

आशालताबाईंचा भाचा प्रीतम ढोलकी मांडीवर घेऊन बसला होता. "शनिवारी काका आत्याला तपासणीला घेऊन गेले, नेत्रा जेवायला. मी इथंच रियाज करत होतो," तो म्हणाला. "पण मला कॉम्प्युटर सुरूसुद्धा करता येत नाही."

ऋतिकाने नेत्राला विचारलं, "गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह मशीनला लावलेले राहतात?"

"कायम. ते असतानाच मशीन सुरू करते मी. शनिवारपर्यंत कधी अडलं नाही. त्यानंतर कुणाचा लावलेलाच नाही."

"जॅक्सन, तुझा पेन ड्राइव्ह लाव. मशीन बंद कर. आता भिंतीवरचं बटणही बंद कर... आणि चालू कर."

कॉम्प्युटरच्या बटणाला कोणी हात लावला नव्हता. तरी पंखा घरघरला, स्क्रीन उजळली. जॅक्सन दचकून मागे सरला. मग काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली आणि मशीन तिथंच थांबलं.

"हेही बिघडलं!" रमेशराव ओरडले.

"पेन ड्राइव्ह अडवतोय. तो काढा ना," प्रीतम म्हणाला.

जॅक्सनने तो काढला, मशीन पुन्हा सुरू केलं. विंडोज मुकाट्याने आलं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाला होतात, रमेशराव," ऋतिका म्हणाली. "मदरबोर्डमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य सर्किटमध्ये, एक सोय असते. वीज गेली आणि परत आली की मशीन आपोआप सुरू होतं. तुमच्याकडे ती चालू आहे. रविवारी तेच झालं. बंद स्टुडिओत वीज येताना पाहायला तुम्ही कधी हजर नव्हतात, म्हणून दर वेळी सकाळी चालू मशीन पाहून नेत्रावर खेकसत आलात."

"पण मग गाणी?"

"विंडोजच्याही आधी बोर्ड ठरवतो, कुठून सुरू व्हायचं. कुणीतरी तिथं पेन ड्राइव्हला पहिला मान दिलाय. त्यावरून दुसरी सिस्टीम चालवली की विंडोजचा पासवर्ड लागतच नाही. नेत्राकडे तर पासवर्ड आहे. किल्ली हातात असताना कौलं कोण उचकटेल? चोर काम उरकून क्रम पूर्ववत करायला विसरला, म्हणून जॅक्सनच्या पेन ड्राइव्हपाशी मशीन अडलं."

ती वळली. "प्रीतम, तू शनिवारी इथं एकटा होतास. आणि ज्याला मशीन सुरू करता येत नाही, त्याला ते कशानं अडलंय हे एका नजरेत कसं कळलं?"

ढोलकी घसरून खाली पडली.

"हळदीला डीजेवर वाजवायला ती गाणी मागितली होती," प्रीतम पुटपुटला. "आत्या नाही म्हणाली. मग... पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, आणि दुसऱ्या कुणाकडे राहायला नकोत म्हणून इथली पुसली."

आशालताबाई उठल्या. त्यांनी भाच्यापुढे तळहात धरला आणि तो तसाच धरून ठेवला. शेवटी प्रीतमने खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्यावर ठेवला.

रमेशरावांनी घाईने हात पुढे केला. आशालताबाई त्यांना ओलांडून कोपऱ्याकडे गेल्या. पेन ड्राइव्ह त्यांनी नेत्राच्या हातात दिला आणि तिची बोटं आपल्या हातांनी मिटवली.