साकवाची तपासणी

घागरभर पाणी डोक्यावर आलं, तेव्हा राही ओढ्यावरच्या लाकडी साकवाच्या बरोबर मध्यावर होती.

छपरावर उकिडवा बसलेला माणूस कौलांच्या फटीतून वाकून म्हणाला, "गळतंय वाटतं."

"गळत नाही. ओतलंत तुम्ही."

"कौलं तपासत होतो. पावसात कळण्यापेक्षा मे महिन्यात कळलेलं बरं, नाही का?"

हा रावजी सुतार. गेल्या पुरात वहाळावरचा कौलारू साकव खचला, म्हणून गावाने पंधरा दिवसांसाठी बोलावलेला. राही पलीकडच्या वाडीत शिवणवर्ग घ्यायची. साकव तिच्या आजोबांनी, परशुराम सुतारांनी बांधलेला. छप्पर घातलं ते लाकूड कुजू नये म्हणून, असं आजोबा सांगत. आजी पलीकडच्या वाडीची आणि भेटायला आडोसा लागतो, असं गाव सांगे.

नातीच्या हक्काने राही रोज जाता-येता चूक काढू लागली. ही फळी करकरते, ती खुंटी सैल आहे. रावजी मान तुकवून दुरुस्त करी. चाळिसावा दिवस उजाडला. मासळीची पाटी घेऊन जाणाऱ्या यमुनाबाईंनी शेवटी विचारलंच, "काय गो, साकव तपासतेस की सुतार?"

त्याच दिवशी राहीला दिसलं... खुंट्यांवर खालच्या बाजूने हातोडीचे ताजे घाव होते. कोणीतरी त्या मुद्दाम उलट ठोकत होतं. ती तशीच वर्गाला निघून गेली. दुसऱ्या दिवशी मात्र अबोलीचा वळेसर माळून चूक काढायला आली.

शनिवारी ती फळी-फळी चालली. कुठेच काही सापडेना. ती परत पहिल्या फळीपासून सुरू झाली.

"मुंबईहून मामाचं पत्र आलंय," रावजी रंधा पुसत म्हणाला. "कारखान्यात जागा आहे. सोमवारी हजर व्हायचं."

"म्हणून आज एकही खुंटी सैल केली नाहीत."

त्याचा हात थांबला. "तुम्हाला... ठाऊक होतं?"

"सुताराची नात आहे मी."

"मग बोललात का नाही?"

"बोलले असते तर काम संपलं असतं."

खाली वहाळ वाहत होता. रावजीने रंधा खाली ठेवला. "मामाला कळवू— येत नाही म्हणून?"

"माझ्यासाठी?"

"तुमच्याचसाठी. पण इथे काम कुठलं?"

"वरच्या वाडीचा साकव खचलाय. पाच घरांना माळे घालायचेत. आणि माझ्या आईला सरळ बोलणारा माणूस आवडतो." राहीने वर्गाच्या वाटेकडे पाठ फिरवली. "चला, पोस्ट साडेबाराला बंद होतं."